हुरड्याच्या दिवसांतली सावली

रविवारी दुपारी चारला ऑनलाइन प्रशिक्षण सुरू व्हायचं आणि मी त्याआधीच दमलेली असायचे. आठवड्याचे सहा दिवस मी एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. शिकवते म्हणजे, प्रश्नाला किती गुण आहेत ते बघून उत्तर किती ओळींचं लिहायचं ते सांगते. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत विज्ञानाचा एक तास घेते. त्याला गुण नसतात, म्हणून मुलंही फार नसतात. मग घरी येऊन जेवायचं, ताट विसळायचं, आईचं शिलाई मशीन भिंतीकडे सरकवायचं आणि त्या जागेत फोन टेकवून बसायचं. आई शाळेचे गणवेश शिवते. संक्रांतीपासून शाळा सुरू होईपर्यंत घरात निळ्या-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे असतात. फोनला टेकू म्हणून मी त्यातलाच एक घ्यायचे. कॅमेऱ्यात माझ्या मागे कॉलरींची चवड दिसायची.

प्रशिक्षण खगोलशास्त्राचं होतं, 'अनौपचारिक विज्ञान शिक्षकां'साठी. अनौपचारिक म्हणजे कोण, तर ज्यांना कुणी नेमलेलं नाही आणि तरी जे शिकवत सुटतात ते. कुणी ग्रंथालयात काम करणारं, कुणी डोंगर चढणाऱ्या मंडळातलं, एक निवृत्त गृहस्थ स्वतःच्या दुर्बिणीसह. ते दर रविवारी दुर्बीण कॅमेऱ्यात येईल अशी ठेवायचे. माझ्याकडे दुर्बीण नव्हती, आणि आमच्या चौकातल्या उंच खांबावरच्या दिव्यांमुळे तारेही नव्हते. तारकासमूहांच्या पाठांत मी नुसती मान हलवली.

शिकवणाऱ्या मॅडम मवाळ होत्या. त्यांचा एकच कडक नियम होता. लोकांसमोर उभं राहिल्यावर पहिली दहा मिनिटं उत्तर द्यायचं नाही. वस्तू समोर ठेवायची, विचारायचं, आणि गप्प बसायचं. लोकांना बघू द्यायचं.

सरावाच्या दिवशी मला दिवस-रात्र हा विषय आला. मी सुरुवात केली, "मित्रांनो, विज्ञानाच्या या युगातही आपल्या समाजात..." आणि पाच मिनिटं थांबले नाही. बोलून झालं तेव्हा घसा कोरडा पडला होता, आणि मला वाटलं, छान झालं.

मॅडम म्हणाल्या, "फार छान बोलता तुम्ही. पण मला बघायला काहीच मिळालं नाही."

मला राग आला. मी खाली चॅटमध्ये लिहिलं, 'आमच्याकडे लोकांना दहा मिनिटं गप्प बसायला वेळ नसतो.' त्यावर त्यांनी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी अशी का बोलते हे मला माहीत आहे. आमच्या घरात गोष्टी सांगत नसत, पत्रकं वाचत. पप्पा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागले, पुढे यंत्रावर गेले, आणि छापखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिले. दिवसा लग्नपत्रिका, आणि मालक जेवायला गेला की संपाची, जयंतीची, मोर्चाची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं. बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे वाक्य म्हणजे काय, तर ज्याच्या शेवटी कुणीतरी उठून उभं राहतं ते, अशी माझी लहानपणापासून समजूत आहे.

त्या सगळ्या पत्रकांत पप्पांनी स्वतः लिहिलेलं एकच. बाकीची वस्तीतल्या चळवळीच्या मंडळाच्या लोकांनी लिहिलेली, पप्पांनी जुळवलेली. हे एक मात्र त्यांचं. ते असं सुरू होतं: 'बंधू-भगिनींनो, भर दुपारी बारा वाजता माणसाची सावली पडत नाही. का? भुतामुळे? मुळीच नाही! त्या वेळी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सावली कुणाचीच पडत नाही. मग बाधा एकट्या बाईलाच कशी होते?' आणि शेवटी, चौकटीत, मोठ्या टाइपात: 'आमच्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः तपासा.'

ती एकटी बाई म्हणजे माझी आत्या, पप्पांची धाकटी बहीण. पंधरा-सोळा वर्षांची असताना, माळशिरसकडच्या आमच्या गावात, ती भर दुपारी शेतात भाकरी घेऊन निघाली आणि विहिरीजवळ पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. फिट होती ती, पुढे गोळ्यांनी बरीही झाली. पण त्या दिवशी बायका म्हणाल्या, बाराच्या ठोक्याला पोरीची सावली पडत नव्हती, बाहेरचं लागलंय. देवरुषी आला. लिंबाच्या फोकांनी तिला मारलं, तीन दिवस उपाशी ठेवलं. शाळा सुटली. नंतर नातेपुत्याच्या एका मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न लावून दिलं, कारण लागलेली पोर दुसरं कोण करणार? आत्या अजून तिथेच आहे. मुलं, सून, नातवंडं, सगळं झालं. पण दुपारी बारा ते एक ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. सगळ्या घराला ते माहीत आहे. दारात कुणीही येवो, त्या तासाला सूनच जाते.

पप्पांनी ते पत्रक पुढे पंधरा वर्षांनी तिच्यासाठी लिहिलं. तिला वाचता येतं थोडं. तिने ते ट्रंकेत, साड्यांखाली ठेवलंय. तरी ती बाहेर येत नाही.

फेब्रुवारीत मॅडमनी घरचा अभ्यास दिला. सपाट जागी कोरा कागद ठेवा, त्यावर एखादी सरळ वस्तू उभी करा, साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठिपका काढा. एवढंच. मी पप्पांना विचारलं, एकदम काटकोनात उभं राहील असं काही आहे का घरात? पप्पांनी कपाटातून शिशाचा एक खिळा काढून दिला. छापखाना मोडीत निघाला तेव्हा त्यांनी मूठभर खिळे घरी आणले होते.

"याच्यासारखं सरळ काय न्हाय," ते म्हणाले. "जरा वाकडा असला तर ओळ छापत न्हाय."

मी गच्चीवर गेले. बारा वाजले तेव्हा खिळ्याची सावली होती. निम्म्याहून जास्त लांबीची, वायव्येकडे पडलेली, स्वच्छ. मला वाटलं कागद वाकडा असेल. सरळ केला. तरी होती. सव्वाबारा, साडेबारा, बारा चाळीस. बारा चाळीसला ती सगळ्यात आखूड झाली, नाहीशी झाली नाही. मग परत वाढायला लागली.

रविवारी मॅडमनी समजावलं. घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे, पण सूर्य प्रत्येक गावाच्या माथ्यावर आपापल्या वेळी येतो. आपल्याकडे तो बाराच्या बऱ्याच नंतर येतो. आणि माथ्यावर म्हणजे बरोबर डोक्यावर येईलच असं नाही. वर्षातले दोनच दिवस सोलापूरवर तो बरोबर डोक्यावर असतो. एक मे महिन्यात, एक पावसाळ्यात. त्याला शून्य सावली दिवस म्हणायचं. बाकी सगळे दिवस भर दुपारीही सावली असते.

निवृत्त गृहस्थ म्हणाले, "हे तर सर्वांनाच ठाऊक असतं." मी कॅमेरा बंद केला.

मला ठाऊक नव्हतं. विज्ञानाची पदवी आहे माझी. अंधश्रद्धेवर मी चौकात भाषणं केली आहेत, बाबा-बुवांच्या मंडपासमोर उभी राहून वाद घातला आहे. आणि आमच्या घरातलं सगळ्यात जुनं पत्रक एका न घडणाऱ्या गोष्टीचं वैज्ञानिक कारण सांगत होतं. बायका म्हणाल्या सावली पडत नव्हती. आम्ही म्हणालो, हो, पडत नाहीच, पण त्याला कारण आहे. त्यांनी बघितलं नव्हतं आणि आम्हीही नाही. 'स्वतः तपासा' एवढ्या मोठ्या टाइपात छापलेलं, आणि पंचवीस वर्षांत एकानेही तपासलं नाही. तपासलं असतं तर कुणीतरी येऊन सांगितलं असतं.

मी पप्पांना काही बोलले नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. क्लासमध्ये परीक्षेआधीची धावपळ होती, घरी आल्यावर बोलायचं त्राण नसायचं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर त्राण भांडायला लागतं, आणि मी पप्पांशी कधी भांडले नव्हते. बाहेर सगळ्यांशी भांडायला त्यांनीच शिकवलं होतं. गुडघ्यांमुळे ते आता फारसे बाहेर पडत नाहीत. दिवसभर आईने शिवलेल्या कॉलरींचे दोरे कापत बसतात आणि संध्याकाळी कुणी भेटायला आलं तर त्यांच्या पत्रकाची गोष्ट सांगतात.

एप्रिलमध्ये मंडळाच्या लोकांनी ते पत्रक पुन्हा छापायचं ठरवलं. मीच निमित्त झाले. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या गावी एक जाहीर प्रयोग करायचा होता, मी मे महिन्यातल्या शून्य सावलीचा दिवस घेतला होता, आणि पप्पांनी ते सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं. सावलीचा कार्यक्रम आणि सावलीचं पत्रक. ठरलंच ते. एका रविवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर प्रूफ ठेवलं.

"बघ गं. माझी नजर आता धरवत न्हाय. कुटं काय चुकलंय का?"

मी वाचलं. मला ते पाठच होतं.

"पप्पा, पहिलं वाक्य चुकलंय."

"काना गेला का?" त्यांनी भिंग पुढे ओढलं.

"अक्षरं बरोबर आहेत. वाक्य खोटं आहे."

चुकीचं म्हणाले असते तर चाललं असतं. पण मी पत्रकांवर वाढलेली, मला तोच शब्द आला. आईचं मशीन थांबलं.

"खोटं," पप्पा म्हणाले. "मी खोटं लिवलं?"

"तुम्ही कधी बघितलं? बारा वाजता उन्हात उभं राहून?"

"आगं, शाळेच्या पुस्तकात व्हतं की. सूर्य डोक्यावर येतो म्हणून."

"मी विचारलं, तुम्ही बघितलं का."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा झाले होते. "चल वर," ते म्हणाले.

"अहो, गुडघे!" आई म्हणाली. "आन् हे ऊन बघा जरा. छत्री तरी घ्या."

"छत्री धरल्यावर सावली कुणाची बघू? छत्रीची?"

जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी कागद अंथरला, खिळा उभा केला आणि त्यांना एक पालथी बादली दिली बसायला. गच्ची तव्यासारखी तापली होती. बारा वाजले. खिळ्याच्या पायाशी कापलेल्या नखाएवढी सावली होती.

"ही?" पप्पा म्हणाले. "ही काय सावली हाय? ही नसल्यात जमा."

"नसल्यात जमा म्हणजे आहे, पप्पा."

"तू लई शिकलीस. लोकांना कशाला एवढं बारीक? 'जवळजवळ पडत न्हाय' असं करू. झालं."

खरं सांगायचं तर मला ते पटत आलं होतं. माझं डोकं उन्हाने ठणकत होतं. एक शब्द घातला की आम्ही दोघंही खाली जाऊ शकलो असतो. पप्पांचं पत्रक राहिलं असतं, माझा कार्यक्रम झाला असता, कुणाला काही कळलं नसतं. मी ठिपका काढला आणि गप्प बसले. मॅडमच्या नियमामुळे नाही. बोलायला काही सुचत नव्हतं.

पप्पा वाकून बघत राहिले. छापखान्यातली सवय, एकदा बघायला लागले की ते हलत नाहीत. बारा दहा. बारा वीस. सावली थोडी सरकली, थोडी आखडली, पण गेली नाही. साडेबारा व्हायला आले तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "हुरड्याच्या दिवसात केवढी पडती?"

ते का विचारताहेत ते मला लगेच कळलं.

"मोठी पडते. तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो."

"केवढी ते सांग."

"माणसाएवढी. थोडी कमी."

"भर दुपारी?"

"भर दुपारी."

त्यांनी खिळा उचलला आणि मुठीत धरला. तापलेला होता, तरी सोडला नाही. "हुरडा चालला व्हता तवा," ते म्हणाले. "मी आगटी पेटवत हुतो. पाव्हणं आलं व्हतं हुरडा खायला. बोंब आली म्हणून पळत गेलो. उन्हातच पडली व्हती ती. उटवून उबी केली आमी, दोघांनी धरून. उबी व्हती माज्यासमोर."

खाली आईचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

"फोन लाव तिला," पप्पा म्हणाले.

मी फोन लावून आवाज मोठा केला. आत्याने उचलला. "दादा? आत्ता कसा काय? बरं हाय न्हवं सगळं?"

"बरं हाय. बाय, येक काम कर. दारात ये. उंबऱ्याच्या भाईर."

"आत्ता?" तिचा आवाज बदलला. "आत्ता कशापायी? एक वाजून जाऊ दे की."

"आत्ताच ये. मी हाय की फोनवर."

"तू सोलापुरात हायस."

"फोनवर हाय न्हवं. ये."

काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग बांगड्यांचा आवाज, आणि मागून तिच्या सुनेचा: "आत्या, कुटं चालला वो उन्हाचं? तुमी? ह्या टायमाला?"

"गप गं," आत्या म्हणाली. मग आमच्याशी, अगदी हळू: "आले. चटकं बसत्यात पायाला. बोल लवकर."

"खाली बघ," पप्पा म्हणाले.

"काय बघू?"

"सावली हाय का बघ."

फोनमधून बांगड्या पुन्हा वाजल्या.

"हाय," आत्या म्हणाली.

"केवढी?"

"हाय की, इतभर. पायापाशी." मग थांबून, "दादा, साडेबारा झालंत. तरीबी हाय."

"व्हय."

"मग तवा?"

पप्पांनी डोळे मिटले. "तवा लांब व्हती, बाय. हुरड्याचं दिस व्हतं. तुज्याएवढी पडली आसंल. तितंच, तुज्या मागं."

"मग कुणी खाली बघितलं न्हाय व्हय?"

"न्हाय."

"येवढी माणसं व्हती."

"व्हय. मी बी व्हतो. मी बी न्हाय बघितलं."

आत्या रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं. ठेवते. भाकरी तव्यावर हाय," आणि फोन बंद झाला.

पप्पा खाली उतरले ते भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. जेवले नाहीत. प्रूफ समोर घेऊन त्यांनी पहिलं वाक्य खोडलं, मग दुसरं, मग सगळा परिच्छेद. बाजूला त्यांच्या त्या गोल अक्षरात लिहिलं: 'भर दुपारी माणसाची सावली पडते. खाली बघा.' आणि त्याखाली: 'या पत्रकात आम्ही पंचवीस वर्षे उलटे छापत होतो. आम्हीही बघितले नव्हते.'

मी म्हणाले, "पप्पा, हे दुसरं कशाला? नुसतं सुधारून छापू की."

सकाळी खोटं म्हणणारी मी, दुपारी हे म्हणत होते.

"तपासा म्हणून सांगतो न्हवं आपण लोकांला," ते म्हणाले. "मग तपासून काय निघालं ते सांगाय नगो?"

मंडळातले लोक नाराज झाले. एक जण घरी येऊन म्हणाला, बुवाबाजीवाल्यांच्या हातात कोलीत देताय तुम्ही. पप्पा फक्त दोरे कापत राहिले. शेवटी मंडळाने निम्म्याच प्रती छापल्या, मनाविरुद्ध. मी शेवटचं प्रूफ तीनदा वाचलं आणि जोर यावा म्हणून एक शब्द वाढवला. 'भर दुपारी माणसाची सावली रोज पडते.'

मे महिन्यात तो दिवस आला. मी शंभर माणसं धरली होती; नऊ आली, त्यांतल्या दोघी आईकडे गणवेशाचं माप द्यायला आलेल्या. अभ्यासिकेसमोरच्या रस्त्यावर टेबल मांडलं, त्यावर कागद, त्यावर खिळा. पप्पा खुर्चीवर, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. मी विचारलं, "या सावलीचं काय होईल असं वाटतं?" आणि गप्प बसले. दहा मिनिटं. उन्हात दहा मिनिटं गप्प राहणं मला चौकातल्या कुठल्याही भाषणापेक्षा जड गेलं. कुणीतरी म्हणालं, ताईंना बरं नाही वाटतं. एका काकांनी जांभई दिली. मग बारा वीसच्या पुढे ती सावली खिळ्याच्या पायात शिरू लागली, लोक आपोआप वाकले, डोक्याला डोकी लागली, आणि बारा बावीसला ती नव्हती. मला वाटलं, यासाठी एवढं केलं, ठीक आहे.

तेव्हा मापाला आलेल्या दोघींपैकी एक, हातातलं पत्रक वाचत, म्हणाली, "आवो, हितं तर लिवलंय रोज पडते म्हणून. आन् ही बघा, आज न्हाय की!"

सगळे हसले. पप्पाही हसले, बऱ्याच दिवसांनी. मला मात्र रस्त्यात बसावंसं वाटलं. शून्य सावलीच्या कार्यक्रमात, सावली रोज पडते असं सांगणारं पत्रक. पप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि एकेका पत्रकावर त्या ओळीखाली हाताने लिहायला सुरुवात केली, 'वर्षातले दोन दिवस सोडून.' संध्याकाळपर्यंत ते लिहीत होते. प्रशिक्षणाला पाठवायच्या अहवालात 'आपले काय चुकले' असा एक रकाना होता. तो मी रिकामा ठेवून पुढचे भरले.

तो रकाना दुसऱ्या दिवशी भरला. दुसऱ्या दिवशी मी क्लासला निघाले होते, पाऊण वाजला होता, आणि आत्याचा फोन आला. आपणहून ती कधी फोन करत नाही. पप्पांनी आवाज मोठा केला.

"दादा, आज न्हाय."

"काय न्हाय?"

"सावली. तू धाडलेल्या नव्या कागदात लिवलंय रोज पडती म्हणून. मी रोज बघती आता, भाकरी झाल्या की. आज गेले भाईर, आन् न्हाय. पायाखाली बी न्हाय."

पप्पांच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही नऊ जणांना सांगितलं होतं, मंडळाला सांगितलं होतं, साठ-सत्तर पत्रकांवर हाताने लिहिलं होतं. आत्याला सांगायचं राहिलं होतं. नातेपुतं आमच्या जरा उत्तरेला, तिथे तो दिवस आमच्यानंतर येतो, हेही मला माहीत होतं. पाठात होतं. चाळीस वर्षांनी त्या बाईला उन्हात उभं करून आम्ही तिला या एका दिवसाबद्दल काहीच बोललो नव्हतो.

"बाय," पप्पा म्हणाले. "तू घाबरलीस का? आत जा. आत जाऊन बस आदी."

"ऐक तर," आत्या म्हणाली. "घाबरले की. घाबरनार न्हाय व्हय? सून म्हनली आत या. पर मी म्हनलं, बघू तरी. हुबी ऱ्हायले तितंच. पाय पोळून निगालं. मग जरा वेळानं आली."

"आली?"

"आली की. ह्या अंगानं. आदी दोऱ्याएवढी, मग बोटाएवढी. मी बघतच व्हते." तिला धाप लागली होती. "मग म्हनलं दादाला सांगावं. त्येला ठावं नसंल."

पप्पांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी फोन माझ्यापुढे केला.

"आत्या," मी म्हणाले.

"पोरी, तू शिकवतीस न्हवं ह्ये? मग सांग. उंद्या जायची का परत?"

मला उत्तर माहीत होतं. उद्या काय होईल, आणि ते का, हे सगळं माझ्या जिभेवर होतं, क्लासमध्ये सांगते तसं, तीन गुणांचं. क्लासला उशीर झाला होता. मी दाराला टेकले.

"उद्या बघ, आत्या."

"लई ऊन हाय गं."

"आहे."

"बरं," ती म्हणाली. "बघते."